हलव्याला काटा येईपर्यंत

हलव्याचा एक दाणा तळहातावर घ्या. घरात नसेल, तर संक्रांतीला कुणीतरी हातावर ठेवलेला आठवा. तोंडात टाकायची घाई नको. खिडकीपाशी बसा, उजेड एका बाजूने पडू द्या आणि नुसतं बघत राहा. दाणा पांढरा आहे, पण सगळीकडे सारखा पांढरा नाही. अंगावर बारीक काटे आहेत आणि एका काट्याची सावली शेजारच्या काट्यावर पडली आहे. दुसऱ्या हाताच्या बोटाने तो हलकेच फिरवा. टोचत नाही, तरी त्वचेला कळतं.

आता नजर आत न्या. काट्याखाली साखर आहे, त्या साखरेखाली आणखी साखर, तिच्याखाली आणखी. अगदी मधोमध एक तीळ. कधी तिळाऐवजी खसखस असते, कधी साबुदाणा, कधी लवंग, कधी कलिंगडाची बी. दाणा गोल होणार की लांबट, बारीक राहणार की टपोरा, हे त्या आतल्या बीने आधीच ठरवलेलं असतं. हलव्याचे दागिने करणारी बाई परात चुलीवर चढवण्याआधीच नथीसाठी काय लागेल आणि हारासाठी काय लागेल, याचा विचार करून बिया निवडते.

नव्या सुनेची पहिली संक्रांत, जावयाचा पहिला सण, तान्ह्या बाळाचं बोरन्हाण, यांसाठी महाराष्ट्रात साखरेचे दागिने होतात. काळ्या साडीवर पांढरा हार, पांढऱ्या बांगड्या, पांढरा कंबरपट्टा. मण्यांचे दागिने करणारी एरवी मणी बाजारातून आणते. पुण्यात बोहरी आळी आहे, मुंबईत भुलेश्वर आहे. हलव्याच्या दागिन्यात मात्र मणीसुद्धा आपल्याच शेगडीवर वाढवावा लागतो. आज अनेक जणी हलवा तयार आणून फक्त गुंफतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण हा दागिना समजून घ्यायचा, तर परातीपासूनच सुरुवात करायला हवी.

तेव्हा परात मनाशी आणा. खाली मंद निखारे किंवा बारीक केलेला गॅस आणि त्यावर तवा. परातीत चाळून, निवडून घेतलेले तीळ. शेजारी साखरेचा पाक, दुधाचा चमचा घालून वर आलेली मळी काढलेला, पाण्यासारखा स्वच्छ. तीळ कोमट झाले की एक चमचा पाक त्यांच्यावर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी सगळे दाणे फिरवत राहायचे. हलक्या हाताने. दाबलं तर कोवळी साखर निघून येते. सुरुवातीला तीळ एकमेकांना चिकटतात, बोटांना चिकटतात, मग हळूहळू सुटे होतात. परातीतून येणारा आवाज बदलतो. ओले दाणे मुके असतात. वाळले की खुळखुळू लागतात. तो आवाज आला की पुढचा चमचा.

इथे थोडं थांबा. एक चमचा आणि दुसरा चमचा यांच्यामधल्या वेळात काय होतं ते बघा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच होत नाही. बाई बसली आहे, तिची बोटं फिरताहेत. पण पाकातलं पाणी निघून चाललं आहे आणि साखर तिळाच्या अंगावर बसते आहे, डोळ्यांना दिसणार नाही इतकी पातळ. या वेळात घाई केली, दोन चमचे एकदम घातले, तर दाण्यांचे गठ्ठे होतात. आच वाढवली तर पाक दाण्यावर बसायच्या आत कोरडा होऊन परातीत पीठ पडतं, रंगही पिवळसर होतो. म्हणून या कामाचा वेग बाईच्या हातात नाही. तो पाकाच्या वाळण्याच्या हातात आहे. तिने त्याच्यासोबत बसायचं आहे. तुम्हीही तुमचा श्वास त्या गतीला येऊ द्या: पाक सोडला, दाणे फिरले, वाळले, खुळखुळले. पुन्हा पाक सोडला.

पहिल्या दिवशी दाणे नुसते गुळगुळीत गोल होतात. काटा नंतर येतो, दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही पुढे. तो कुणी कोरत नाही, साच्यातून काढत नाही. दाण्यावर कुठे इवलासा उंचवटा झाला, की पुढच्या चमच्यातली साखर तिथे जरा जास्त बसते. उंचवटा थोडा वाढतो आणि वाढल्यामुळे आणखी धरतो. जपानमध्ये कोंपेतो नावाची साखरेची गोळी मिळते, ती अशीच तिरक्या, फिरत्या, गरम कढईत पाक शिंपडत वाढवतात आणि तिला पुरती शिंगं यायला साधारण दोन आठवडे लागतात. पोर्तुगीजांकडून ती जपानात पोचली; १५६९ मध्ये लुईस फ्रॉइस या धर्मप्रसारकाने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ती नजर केल्याची नोंद आहे. तिला शिंगं का फुटतात, या प्रश्नाने तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञालाही गुंतवून ठेवलं होतं. आपल्याकडच्या परातीसमोर बसलेल्या आजी-काकूंना या प्रश्नाची व्यवहारातली बाजू पक्की ठाऊक असते: हवा कोरडी आणि थंड हवी, आच मंद हवी, हात हलका हवा. ढगाळलं, दमट झालं, तर दिवसभर बसूनही काटा धरत नाही. तेवढी तयारी ठेवायची आणि त्याला येऊ द्यायचं. मला या कामातली ही गोष्ट फार मोठी वाटते. इतकी मेहनत करणाऱ्या बाईलाही शेवटचा भाग स्वतः करता येत नाही आणि तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा परातीपुढे बसते.

काटा आला, की दोरा घ्यायचा.

आता दाणा परत नीट पाहा, कारण एक गोष्ट कदाचित नजरेतून सुटली असेल. त्याला भोक नाही. मोत्याला असतं, काचेच्या मण्याला असतं, तुळशीच्या मण्याला असतं. हलव्याला भोक पाडायला गेलात तर तो फुटेल. म्हणून हा मणी ओवता येत नाही, तो गाठवावा लागतो. दोऱ्याचं एक टोक कशाला तरी बांधून दोरा ताणून धरायचा, त्याचा एक सैल फास करायचा, दाणा त्या फासात बसवायचा आणि फास आवळायचा. गुळगुळीत दाणा असता तर निसटला असता. काट्यांमुळे दोरा जागच्या जागी अडकतो. ज्या काट्यासाठी एवढे दिवस घालवले, तोच आता दागिना धरून ठेवतो.

हे एकदा मनातल्या मनात करून बघा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये फास, त्यात दाणा. किती आवळायचं? कमी आवळलं तर हार गळ्यात पडताच दाणे गळतील. जास्त आवळलं तर काटे मोडतील आणि पकड पुन्हा सुटेल. या दोन्हींच्या मध्ये एक ताण असतो, आणि तो सांगून शिकवता येत नाही. शेजारी बसून, बघून, दाणे फुकट घालवून तो बोटात येतो. एका गाठीकडे पूर्ण लक्ष द्या. मग पुढच्या गाठीकडे. बांगडीचा एक वेढा पुरा होईपर्यंत किती गाठी पडल्या, हे गाठवणारीही मोजत नाही.

या गाठींमधून काय काय उभं राहतं! सुनेसाठी बिंदी, झुमके, नथ, तन्मणी, चिंचपेटी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, अंगठी, कंबरपट्टा, पैंजण, अंबाड्यावर माळायची वेणी. जावयाला हार, हातात गुच्छ आणि नारळ, शिवाय हौसेनं केलेलं मनगटी घड्याळ. बाळाला मुकुट, कडी, बाजूबंद, गळ्यातलं आणि कृष्णासारखी बासरी. सोन्यामोत्याच्या पेटीतले सगळे आकार साखरेत उतरलेले आहेत. ज्या घरात खरा तन्मणी कधी आला नाही, त्या घरच्या सुनेच्याही गळ्यात तो एक दिवस असतो, आणि त्या दिवशी त्याच्या खरेपणाविषयी कुणाच्या मनात शंका नसते.

हल्ली पुठ्ठ्याचा आकार कापून त्यावर ग्लू गनने हलवा चिकटवतात, कडेला जर आणि सोनेरी मणी लावतात. काम लवकर होतं, दिसतंही झगमगीत, आणि संक्रांतीच्या आधीच्या पंधरवड्यात ढीगभर ऑर्डरी पुऱ्या करणाऱ्या बाईला त्याशिवाय इलाज नसतो, हे मी समजू शकते. तरी मला गाठवलेला दागिनाच आवडतो. त्याला गोंद लागलेला नसतो, त्यामुळे तो खाता येतो. बोरन्हाणाच्या दिवशी बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे आणि हलवा ओतला जातो, आजूबाजूची पोरं ते गोळा करायला तुटून पडतात, आणि या गोंधळात बाळ स्वतःच्या मनगटावरचं कडं तोंडात घालतं. हा दागिना अंगावर मिरवायचा आणि जिभेवर विरघळवायचाही आहे. त्याचं हे दुसरं आयुष्य काढून घेऊ नये असं वाटतं.

एका दिवसाचा दागिना. या शब्दांपाशी थोडा वेळ बसू या. साखर हवेतलं पाणी ओढते, मुंग्यांना वास लागतो, पावसाळा आला की सगळं ओलसर होतं. जपून डब्यात ठेवला तरी हा दागिना पुढच्या पिढीकडे जाणार नाही. तो संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाच्या दिवसांसाठीच जन्माला येतो. हे दिवसही जागेवरून सरकत असतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस, इतकं ते सरकणं मंद आहे. एका माणसाच्या आयुष्यात ते जेमतेम एवढंच होतं, आणि परातीपुढे बसणारीला त्याची जाणीवही होत नाही. तिला थंडी पडली की कळतं.

आणि मग तो प्रश्न येतो, जो दादरच्या फुटपाथवर, तुळशीबागेत, सोसायटीच्या आवारातल्या स्टॉलवर आणि फोनवर, सगळीकडे सारखाच येतो. "अहो काकू, एकाच दिवसासाठी तर घालायचं! शेवटचं काय ते सांगा."

तुम्ही हे दागिने करून विकत असाल, तर इथे डोळे मिटा. किंमत सांगण्याच्या आधीचा क्षण आठवा. आवाज थोडा खाली जातो का? आकडा ओठांवर येईपर्यंत मनातल्या मनात कमी होतो का? साखर आणि तीळ यांचे पैसे काढणं सोपं असतं, दुकानाची चिठ्ठी असते. रिळाचे, जरीचे, डब्यांचे पैसेही मांडता येतात. मग उरतात ते तास. पाक वाळेपर्यंत बसून राहिलेले, पहाटे थंडी आहे म्हणून लवकर उठून साधलेले, रात्री जेवणं आवरल्यावर दिव्याखाली गाठी मारण्यात गेलेले. "घरीच तर असते, बसल्याबसल्या होतं" असं म्हणून बायका हे तास हिशेबातून स्वतःच्याच हाताने पुसून टाकतात. ते पुसू नका. एकेक तास परत आणून समोर ठेवा. गिऱ्हाईक ते देईल की नाही, हा पुढचा भाग. आधी तुम्हाला स्वतःला ते दिसले पाहिजेत.

लग्नातला फुलांचा हार संध्याकाळपर्यंत सुकतो, तरी तो घेताना कुणी म्हणत नाही की दोन तासांसाठी एवढे कशाला. दागिना किती टिकला यावर किंमत ठरते, ही समजूत सोन्याकडून आलेली आहे. सोनं मोडता येतं, गहाण टाकता येतं. हलव्याचा दागिना मोडून काही मिळत नाही. त्यात गुंतवलेलं सगळं आधीच खर्च झालेलं आहे, ते परत फिरवता येत नाही. म्हणूनच त्याची किंमत पहिल्यांदाच पूर्ण सांगायला हवी.

आता विकत घेणाऱ्याच्या जागी बसा. तुमच्या मुलीची पहिली संक्रांत आहे, ती न्यू जर्सीत आहे, आणि तुम्हाला पार्सल पाठवायचं आहे. दागिने करणारी सांगते की डिसेंबरातच पाठवा, प्रत्येक नग वेगळ्या डबीत घालते, कापूस लावते, काटे मोडू नयेत म्हणून. तिच्या या सांगण्यात किती वर्षांचे मोडलेले काटे आहेत, ते ऐका. घासाघीस करायची सवय आपल्या सगळ्यांच्या जिभेवर आहे, ती थोडी आत ओढून धरा. तिची डबी उघडा, हार हातावर घ्या आणि एका इंचात किती गाठी आहेत ते बघा. मग पैसे काढा.

विकणारीने एवढंच करावं: आकडा सांगून झाला की लगेच "पण कमी-जास्त करू" हे जोडू नये. थांबावं. समोरची बाई विचार करेल, दुसरीकडे विचारून येते म्हणेल, कधी खरंच निघून जाईल. कुणी आगाऊ रक्कम काढून देईल. तेव्हा वही उघडून मापं लिहून घ्यायची: मनगट किती, कंबर किती, हळदीकुंकू कोणत्या तारखेला, साडी काळीच आहे ना. बाळासाठी असेल तर डोक्याचा घेर दोऱ्याने मोजून आणायला सांगायचं, आणि बोरन्हाण महिनाभराने असेल तर पुन्हा मोजायला सांगायचं, कारण मुलं तेवढ्यातही वाढतात.