न दिसणाऱ्याचे माप

जे डोळ्यांना दिसले नाही, त्याविषयी 'ते आहे' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कधी प्राप्त होतो? हा प्रश्न केवळ श्रद्धेच्या प्रांतातला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो न्यायालयात, दवाखान्यात आणि शेजाऱ्याच्या ओटीवरही रोज उभा असतो. त्याला कसे सामोरे जावे, हे शिकण्यासाठी आपण थोडे दूर, परक्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे मोजमाप करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांकडे वळू या.

तारा स्वयंप्रकाशी, ग्रह परप्रकाशी. ताऱ्याच्या तेजात ग्रह लोपून जातो. म्हणून बहुतेक ग्रह ताऱ्याच्या वर्तनावरूनच ओळखावे लागतात. तारा ग्रहाला ओढतो, तसा ग्रहही ताऱ्याला ओढतो आणि तारा किंचित डोलतो. गुरूमुळे आपल्या सूर्याला मिळणारा हा वेग सेकंदाला सुमारे १२.५ मीटर, पृथ्वीमुळे मिळणारा अवघा ९ सेंटिमीटर! असे डोलणे ताऱ्याच्या वर्णपटात हेरून १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी '५१ पेगासी' या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सुमारे ४.२ दिवसांत फिरणारा ग्रह शोधला. त्यासाठी २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

परंतु या मापाला एक मर्यादा आहे. वर्णपटात ताऱ्याची आपल्याकडे येणारी वा आपल्यापासून दूर जाणारी हालचालच उमटते. आडवी हालचाल उमटत नाही. म्हणून अशा ग्रहाचे वस्तुमान सांगताना शास्त्रज्ञ 'किमान' हा शब्द जोडतात. ग्रह त्याहून जड असू शकेल. आपल्या दिशेने जेवढे उमटले, तेवढ्याचीच आपण ग्वाही देतो. पुढे १९९९ साली 'एचडी २०९४५८' या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने मंदावलेला आढळला. त्यावरून ग्रहाचा आकार कळला. डोलण्यावरून वस्तुमान आणि मंदावण्यावरून आकार, अशा दोन साक्षी जुळल्या, तेव्हा त्या ग्रहाची घनता पाण्याहूनही कमी आहे असे म्हणता आले.

आता या शास्त्रातील दोन कहाण्या ऐकू या. पीटर व्हॅन डी कॅम्प हे अमेरिकेतील स्प्राउल वेधशाळेचे संचालक. केवळ सहा प्रकाशवर्षांवर असलेल्या बर्नार्डच्या ताऱ्याची शेकडो छायाचित्रे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके काचपट्ट्यांवर घेतली. तारा डोलतो आहे आणि त्याच्याभोवती गुरूहून मोठा ग्रह आहे, असे त्यांनी १९६३ साली जाहीर केले. जगाने ते मानले. पण १९७३ साली गेटवुड व आयकहॉर्न यांनी अन्य वेधशाळांच्या काचपट्ट्या तपासल्या, तेव्हा त्यांत ते डोलणे आढळले नाही. त्याच सुमारास जॉन हर्शी यांनी दाखवून दिले की, स्प्राउलच्या छायाचित्रांत दुसरे तारेही त्याच वर्षी सरकलेले दिसत होते. आणि ती वर्षे दुर्बिणीच्या भिंगाच्या जोडणीत फेरफार केल्याची होती. डोलत होता तो तारा नव्हता! व्हॅन डी कॅम्प मात्र १९९५ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या ग्रहाला चिकटून राहिले.

दुसरी कहाणी इंग्लंडच्या जॉड्रेल बँक येथील अँड्र्यू लाइन यांची. १९९१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पल्सारभोवती सहा महिन्यांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह सापडल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्यांनीच हिशेब पुन्हा तपासला. पल्सारचे आकाशातील स्थान किंचित चुकीचे धरले गेल्यामुळे आपल्या पृथ्वीच्याच भ्रमणाचा परिणाम पूर्णपणे वजा झाला नव्हता. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथील परिषदेत, ज्या ग्रहाविषयी बोलण्यासाठी बोलावले होते, तो ग्रहच नाही, असे त्यांनी उभे राहून सांगितले. सभागृहाने टाळ्यांच्या गजरात त्यांचा गौरव केला. त्याच परिषदेत अलेक्झांडर व्होल्श्चान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे ग्रह मांडले. ते आजही मान्य आहेत.

दोन्ही प्रसंगांत दोष दूरच्या ताऱ्यात नव्हता. एकदा तो आपल्या भिंगात होता, एकदा आपल्या पायाखालच्या पृथ्वीत. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते. फरक एवढाच की, एकाने मुसळ शोधून काढले आणि दुसऱ्याने ते पाहण्याचे नाकारले.

येथे कोणी विचारील : २०२४ साली बर्नार्डच्या ताऱ्याभोवती खरोखरच ग्रह सापडला आणि २०२५ मध्ये अशा चार ग्रहांची खात्री पटली, मग व्हॅन डी कॅम्प खरेच ठरले ना? आम्हांला तसे वाटत नाही. त्यांचा ग्रह गुरूहून जड होता. या चौघांचे किमान वस्तुमान पृथ्वीच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण ते अगदी जुळले असते, तरी काय? ज्याने पाहिले नाही त्याची साक्ष योगायोगाने वस्तुस्थितीशी जुळली, तरी ती साक्ष प्रामाणिक ठरत नाही. सत्य केवळ निष्कर्षात नसते. तेथवर आपण ज्या वाटेने गेलो, त्या वाटेतही असते.

माणसांच्या बाबतीत आपण सारे असेच दूरचे निरीक्षक आहोत. सुनेचे मौन, शेजाऱ्याची बंद खिडकी, धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाची रविवारची अनुपस्थिती, अशा किंचित हालचालींवरून आपण त्यांच्या अंतःकरणाचे वजन ठरवतो. अनुमान करू नये, असे आमचे म्हणणे नाही. अनुमानावाचून सहजीवनच अशक्य आहे. परंतु दुसरी साक्ष मिळेपर्यंत थांबावे, आपले भिंग आधी तपासावे आणि मनुष्याच्या चांगुलपणाचे माप सांगताना 'किमान' हा शब्द विसरू नये. आपल्या दिशेने जेवढे उमटले, तेवढेच आपण पाहिले. त्याच्या आयुष्यातील कितीतरी ओढ आडव्या दिशेने, आपल्या दृष्टीआड चाललेली असते.