पाणवठ्यावरची साक्ष

वैशाख पौर्णिमेच्या रात्री, चांदणे लख्ख आणि पाणवठे मोजकेच उरलेले असतात म्हणून, वनखाते मचाणांवर स्वयंसेवक बसवून वन्यप्राण्यांची नोंद घेते. वाशिम जिल्ह्यात काळविटांचे कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, आणि तिथल्या इंझोरी गावच्या एखाद्या तरुणाने अशा मचाणावर भरलेला तक्ता मी तरी हलफनाम्याच्या तोलाचा मानीन. न दिसलेले काळवीट लिहिणे असत्य खरेच. परंतु रिकामी रात्र रिकामी म्हणून नोंदविण्याचा संकोच हे त्याहून सूक्ष्म असत्य होय, कारण शून्यही विज्ञानाला हवेच असते. ही रात्र बुद्धजयंतीची असावी, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो: बौद्ध पंचशीलात मृषावादाप्रमाणेच, म्हणजे असत्य बोलण्याप्रमाणेच, अदत्तादानही, म्हणजे न दिलेले घेणेही, वर्ज्य आहे, आणि एखाद्या प्राण्याच्या विणीच्या जागेचा पत्ता छायाचित्रासह चव्हाट्यावर मांडणारा हौशी निरीक्षक त्या मुक्या जीवाने न दिलेला त्याचा एकांत घेतो.