अट घातलेली जमीन

मराठ्यांनी नगर हवेली पोर्तुगीजांना देऊन टाकली, असे आपण सहज बोलून जातो. १७७९च्या तहात खरे तर कबूल झाले होते ते वर्षाला बारा हजार रुपयांचे उत्पन्न. त्याच्या वसुलीसाठी पुढे १७८३मध्ये गावे लावून दिली गेली. मराठी आरमाराने पोर्तुगीजांच्या जहाजाचे केलेले नुकसान त्यातून भरून द्यायचे होते. दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १९६०च्या निकालात मान्य केले. हा सरंजाम होता, म्हणजे मागे घेता येण्याजोगा हक्क. पण १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि तो मागे घेणारा धनीच उरला नाही. १९५४च्या पावसाळ्यात आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवकांनी दादरा, नरोली आणि मग सिल्वासा घेतले, तोवर ही 'भरपाई' चालूच होती.

पोर्तुगीजांनीही विसाव्या शतकात जमिनी दिल्या त्या अटीवरच. 'अल्वारा', म्हणजे जमिनीची सनद, मिळालेल्याने ती जमीन लागवडीखाली आणायची. न आणल्यास ती सरकारजमा होणार. भारतीय प्रशासनाने १९७४मध्ये हीच अट पुढे करून असे अल्वारे रद्द केले. खटला पन्नास वर्षे चालला आणि २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासनाचा निर्णय उचलून धरला. अट मोडली गेली तरी पोर्तुगीजांनी जमीन काढून घेतली नव्हती, म्हणजे अट सोडून दिली होती, हा धारकांचा युक्तिवाद टिकला नाही.

मालकीला कर्तव्य जोडणारी ही रीत मला पटते. ते कर्तव्य मात्र चुकीचे निवडले होते. न नांगरलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, हे वसूलदाराचे गणित. या भागातल्या भातशेतीला राब, म्हणजे रोपांसाठी भाजलेली जमीन, लागतो, आणि राब भाजायला लागणारा पाला, फांद्या, गवत येते वरकस माळावरून आणि रानातून. कागदावर पडीक ठरलेला उतार वारली, कोकणा आदिवासींच्या खाचराला पोसत असतो. शिवाय इथे पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो. तो जमिनीत मुरतो तोही याच उतारांवर. जमीन पडीक ठेवणे हीही तिची निगाच, हे त्या अटीत बसण्यासारखे नव्हतेच.

मग आले धरण. दमणगंगेचा उगम नाशिक जिल्ह्यात, मधुबन धरण गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, फुगवटा दादरा-नगर हवेलीतल्या दुधनीपर्यंत आणि मुख दमणला. गुजरात, दादरा-नगर हवेली आणि दमण यांच्या या सामाईक प्रकल्पात पाण्याचे वाटे ठरले. ज्यांची जमीन बुडाली त्या आदिवासींच्या वाट्याला मोबदला आला आणि तिथेच हिशेब मिटला. दुधनीला आज पर्यटक होडीत बसून ज्या पाण्यावरून फिरतात, त्याच्या तळाशी शेते आहेत.

दरम्यान करसवलतींमुळे सिल्वासाभोवती कारखाने उभे राहिले. सवलतीला मुदत होती, पण शेडखाली गेलेले शेत मुदत संपली म्हणून परत येत नाही. प्लॉटधारकाकडून काम सुरू करण्याची हमी घेणे सरकारला चांगले जमते. त्या प्लॉटवर पडलेल्या पावसाचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

पाण्याच्या हिशेबाचा प्रश्न आता नदीच्या वरच्या भागात पुन्हा उभा राहतो आहे. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पाच्या आराखड्यात मधुबनच्या वर भुगड आणि खारगीहिल अशी दोन धरणे आहेत, आणि त्यांचे पाणी जायचे आहे मुंबईला. पुन्हा बुडणार ते डोंगरातले गाव आणि लाभ होणार दूरच्या शहराला. मधुबनच्या वेळी मोबदला एकदाच मोजला गेला. मुंबई मात्र हे पाणी दरवर्षी पिणार आहे. मग बुडालेल्या गावाचा त्यातला हिस्सा दरवर्षी का ठरू नये? बारा हजारांचे वार्षिक उत्पन्न परकीयांना लावून देण्याची सोय १७७९मध्ये सुचली होती. हे तर आपलेच लोक.