किल्ल्याला माती कुठून आणायची?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बदलापूरच्या बेलवलीत मातीला गिऱ्हाईक येतं. रोपवाटिकेत लाल मातीची गोणी विकत मिळते आणि ती स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून घरी नेणारे बाप या दिवसांत रस्त्यावर दिसतात. मुलांना किल्ला करायचा असतो. इमारतीच्या आवारात पेव्हर ब्लॉक आणि कुंपणालगतच्या चार हातांच्या पट्टीत कमिटीने लावलेली शोभेची झाडं. तिथे खुरपं घातलं की सेक्रेटरी वरून ओरडतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी जिथे भाताची खाचरं होती, तिथे आता किल्ल्यापुरतीही माती विकत आणावी लागते. पालकही ती मुकाट्याने आणतात, हे मला त्याहून नवलाचं वाटतं.

लहान गावात मुलांना घेऊन घरच्यांनी करावं असं काय आहे, असा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. महाराष्ट्रात त्याचं एक उत्तर तरी प्रत्येक दिवाळीत दारात उभं असतं. किल्ल्यासाठी लागतं काय? विटांचे तुकडे, जुनं गोणपाट, भिजवलेली माती, बुरूज लिंपायला एक पालथा तवा, गेरू आणि डोंगरउतारावर हिरवळ उगवावी म्हणून हळीव किंवा मोहरी. महाराज सिंहासनावर, मावळे तटावर, पायथ्याला गवळण, आणि गुहेत ठेवलेला वाघ नेहमीच हत्तीपेक्षा मोठा. यात सहा वर्षांचं पोर दगड आणतं, बारा वर्षांचं आराखड्यावरून भांडतं, आजोबा दरवाजा गोमुखी असावा म्हणून अडून बसतात आणि आईला गेरू कालवायला गुडघ्यावर बसावं लागतं. मुलांच्या इतर बहुतेक कार्यक्रमांत मोठी माणसं कडेला पिशव्या सांभाळत मोबाइल बघत असतात. इथे त्यांचेही हात बरबटतात. किल्ल्याचा हा गुण मला त्याच्या इतिहासशिक्षणापेक्षा मोठा वाटतो.

अर्थात यालाही कीड लागलेली आहे. किल्लेबांधणी स्पर्धा सुरू झाल्या आणि काही ठिकाणी थर्माकोल, दिव्यांच्या माळा, ध्वनिमुद्रित निवेदन असा सगळा थाट मोठ्यांनीच करायला घेतला. मुलं पाण्याची नळी धरायला. बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, तो दिवाळीनंतर धुऊन माळ्यावर टाकता येतो. तरी मातीचे किल्ले अजून होतात, आणि बदलापूरसारख्या ठिकाणी तर व्हायलाच हवेत. मान वळवली की चंदेरीचा सुळका दिसतो, अंबरनाथ-कल्याणच्या बाजूला मलंगगड आहे. नमुना समोर उभा करून चित्र काढावं तशी सोय.

पण हे सगळं वर्षातून चार-पाच दिवस. उरलेल्या दिवसांचं काय, हा खरा मुद्दा आहे आणि त्याचं मूळ रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर. पहाटे गाडी पकडून गेलेली माणसं परत येतात तोवर मुलांची जेवणं झालेली असतात. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती कोणीही गच्चीवरून मोजाव्यात. या सगळ्या घरांत मुलांसाठी असलेला वेळ रविवारात कोंबलेला आहे. म्हणून शनिवारी रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ठरलेला प्रश्न पडतो: उद्या पोरांना कुठे न्यायचं?

उत्तरंही ठरलेली. वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तिथून १९०७ सालची ती चिमुकली गाडी माथेरानला चढते, पण पावसाळ्यात ती नेरळहून सुटतच नाही. बारवी धरण. मुळगावचा खंडोबा. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चं. मुलांना दगडातले हत्ती आणि किन्नर मोजायला लावावेत, मग देऊळ आवडतं. फक्त शेजारून वाहणाऱ्या वालधुनीकडे बोट दाखवून ‘ही नदी’ असं सांगताना जरा अवघडायला होतं. पावसाळ्यात कोंडेश्वर. तिथल्या कुंडात तरुण पोरं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात, जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात आणि रविवारी गर्दी वाट वाकडी करून पोहोचतेच. मला त्या गर्दीचा राग येत नाही. पाण्यात पाय बुडवायची जागा घराजवळ नसली की माणसं डोंगराच्या पोटात शिरतात.

ही ठिकाणं वाईट नाहीत, पण त्या सगळ्या सहली आहेत. मुलाला तिथे एकट्याने जाता येत नाही, मंगळवारी जाता येत नाही, आणि बापाच्या खिशात रिक्षाचे पैसे नसतील तर रविवारीही जाता येत नाही. मूल शाळेतून येऊन दप्तर टाकतं आणि ‘आलोच’ म्हणून निघतं, त्या ‘आलोच’च्या टप्प्यात काय आहे, यावर त्याचं बालपण ठरतं. बेलवलीत त्या टप्प्यात बहुधा पार्किंग असतं.

ही वेळ शेजारच्या दोन गावांवर याच तऱ्हेने आली नाही, हे पाहण्यासारखं आहे. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराचं नामकरण झालं. कमालीची दाटी, जीन्स धुण्याचे कारखाने, अनधिकृत मजले, हे सगळं नंतर झालंच. पण गोल मैदान म्हटलं की अजून रिक्षावाला पत्ता विचारत नाही. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत झाली, तिच्यात मैदानं आखूनच ठेवलेली होती. कवायतीसाठी म्हणा किंवा कामगारांच्या फुटबॉलसाठी, लष्कराने आणि कारखान्याने मोकळी जागा धरली. बदलापूर मात्र सातबाऱ्या-सातबाऱ्याने वाढलं. एका शेतकऱ्याने जमीन दिली, एका बिल्डरने घेतली, शेजारी दुसऱ्याने. सगळ्यांसाठी म्हणून जागा धरायला कोणी नव्हतं.

नियम आहेत की. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे एक एकराला किंचित कमी. आता एखाद्या रस्त्यावर एकराच्या आतले दहा तुकडे ओळीने विकसित झाले, तर कुठलाही नियम न मोडता तिथे हजार कुटुंबं राहायला येऊ शकतात आणि मुलांसाठी एक वाव जमीनही सुटत नाही. प्रत्येक इमारत कायदेशीर, रस्ता मात्र लेकुरवाळ्यांना निरुपयोगी.

विकास आराखड्यातल्या आरक्षणाची गोष्ट याहून मजेदार आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा, त्याचं कलम १२७. मैदानासाठी राखून ठेवलेली जमीन आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत नगरपरिषदेने घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. दहा आणि दोन बारा. आराखडा मंजूर झाला त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल बारावीचा निकाल हातात घेतं, तेव्हा त्याच्या मैदानावरचा हक्क संपलेला असू शकतो. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम आहे आणि ते रास्त आहे. दोष आहे तो दहा वर्षं पैसे न ठेवणाऱ्यांचा. त्यातही कुळगाव-बदलापूरच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. मैदानासाठी भांडायला हक्काचा नगरसेवकही नव्हता.

जागेखालोखाल अडसर भीतीचा. बदलापुरात त्याबद्दल जपून बोलावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. तासन्‌तास गाड्या बंद होत्या. त्यानंतर पालकांनी मुलांना आणखी आत ओढलं, आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. एवढंच नोंदवतो, की हे घडलं ते फाटक, फी आणि ओळखपत्र असलेल्या बंद आवारात. चार जण येता-जाता पाहतात अशा उघड्या जागी नाही. धडा मात्र आपण उलटा घेतला. मोकळ्या जागा अधिक संशयास्पद ठरल्या आणि काचेच्या दारामागचे, ताशी पैसे घेणारे खेळघर सुरक्षित. पाराशेजारी खेळणाऱ्या मुलावर पारावरच्या म्हातारीची नजर असते, आणि ती नजर फुकट असते. पार पाडून आपण ती नजर घालवली, आता कॅमेऱ्याचं बिल भरतो आहोत.

मुलं असतात तिथेच त्यांची सोय करण्याच्या बाबतीत आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात मोठं काम झालेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांना किंवा आयांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती ही. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरली. साधनंही तिथलीच: शंख-शिंपले, बिया, पानं, माती. ताराबाईंनी पाहिलं ते एवढंच, की मूल दिवसभर असतं कुठे. आपल्या नगरपरिषदांच्या उद्यान विभागाने हा एक प्रश्न विचारला असता, तर हमरस्त्याच्या दुभाजकावर कारंजी झाली नसती.

मूल असतं कुठे याचं उत्तर बेलवलीत अगदी सोपं आहे. ते नव्या बांधकामासमोरच्या रेतीच्या ढिगाऱ्यावर असतं. वॉचमन हाकलतो, ते परत येतं. डेन्मार्कमधले उद्यानरचनाकार सोरेनसेन यांच्या नेमकं हेच लक्षात आलं होतं: आपण आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा मुलांना बांधकामाचा राडारोडा आवडतो. मग १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे एक मैदान सुरू झालं, त्यात घसरगुंडी नव्हती. फळ्या, विटा, माती, हत्यारं आणि लक्ष ठेवायला एक जाणता माणूस होता. मुलांनी काय बांधायचं ते मुलांनी ठरवावं. युरोपात तिथून अशी मैदानं पसरली. किल्ला करणाऱ्या मराठी मुलाला यात नवीन काही वाटू नये. त्याला फक्त तो दिवाळीपुरताच करायची मुभा आहे.

असं एक मैदान बदलापूर पश्चिमेला होऊ शकतं, आणि त्याची जागा पुराने आधीच राखून ठेवली आहे. २००५, २०१९, २०२१. उल्हास नदी घरांत शिरल्याची ही वर्षं हेंद्रेपाड्याला आणि रमेशवाडीला तोंडपाठ आहेत. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत इमारत बांधता येत नाही, मात्र बाग, हिरवळ, मोकळं मैदान चालतं. या रेषांवरून इथे बरीच ओरड झाली. ज्यांची जमीन किंवा घर आत आलं त्यांचं दुःख खरं आहे. पण बिल्डरच्या हिशेबात जी जमीन मेली, ती मुलांच्या हिशेबात जिवंत होते. पावसाळ्याचे चार महिने ती नदीची आणि तेव्हा तिथे कुलूप. उरलेले आठ महिने मुलांची. पुराने वाहून गेलं तरी हळहळ वाटू नये असंच सामान तिथे असावं: मातीचे ढिगारे, दगड, बांबू, दोरखंड. काठाला मजबूत कुंपण, एक नळ, स्वच्छतागृह, आणि जांभळाची झाडं. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे म्हणे. चढायला एखादं झाड गावातल्या मुलांनाही मिळावं.

आणि ते रात्री नऊपर्यंत उघडं असावं. ही अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बहुतेक उद्यानांचं फाटक नेमकं गाडीतून माणसं उतरायच्या वेळी लागतं. साडेसातला स्टेशनवर उतरलेल्या आईला वाटेत अर्धा तास मुलाबरोबर विटा रचता आल्या, तर रविवारचा भार आपोआप हलका होईल. दिवे लागतील, एक पगारी ताई किंवा दादा लागेल. तोही शिपाई म्हणून बदलीवर पाठवलेला नको. मुलांत रमणारा, कोसबाडसारख्या ठिकाणी चार महिने राहून आलेला हवा.

पैशांचं विचाराल तर नगरपरिषदेला महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकातले पाच टक्के राखून ठेवावे लागतात. त्यातून शिवणयंत्रं येतात, ब्यूटी पार्लरचं प्रशिक्षण होतं, संक्रांतीचा मेळावा होतो. बायकांच्या वाट्याचं काढून मुलांना द्या असं मी म्हणत नाही. पण त्या शीर्षकात ‘बाल’ हा शब्द छापलेला आहे आणि त्याच्या नावावर नेमकं काय खर्ची पडतं, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांनी हा एक अर्ज आधी करावा. दुसरा नगररचना विभागाकडे: बेलवली ते हेंद्रेपाडा या पट्ट्यात निळ्या रेषेच्या आत नगरपरिषदेच्या आणि सरकारच्या मालकीचे सर्व्हे नंबर कोणते, त्यांवर आज काय आहे, आणि मैदानांच्या आरक्षणांपैकी कोणत्या जागांची दहा वर्षं कधी भरतात.