घड्याळातली गाणी कोणाची?

अकरावीत असताना माझ्याकडे गाणी वाजवणारं घड्याळ होतं. गजर नव्हे, खरीखुरी गाणी. साल २००६, गाव इस्लामपूर. मस्कतला नोकरीला असलेल्या मामानं सुट्टीवर येताना आणलेलं. जाडजूड काळी डबी, रबरी पट्टा आणि कडेला इअरफोनची पिन घालायला भोक. मेमरी १२८ एमबी. आज फोनवरचा एखादा व्हिडिओसुद्धा त्यात मावणार नाही. पण तेव्हाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागायचा, म्हणजे पाच मिनिटांचं एक, अशी पंचवीसेक गाणी बसायची.

खरं सांगायचं तर ती वस्तू घड्याळ म्हणूनही धड नव्हती आणि प्लेअर म्हणूनही. बॅटरी उतरली की वेळही पुसली जायची. मनगटापासून कानापर्यंत वायर असल्यामुळे हात जरा खाली सोडला की इअरफोन निसटायचा. (कॅसिओनं असं घड्याळ २००० सालीच काढलं होतं, त्यात जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत मावायचं. तेव्हा हा वेडेपणा माझ्या मामाचा एकट्याचा नव्हता.) पण वर्गात ते घड्याळ एकच होतं आणि ते माझ्या हातात होतं. मी गाण्यांसाठी ते वापरत होतो की बघणाऱ्यांसाठी, हे तेव्हा मला कुणी विचारलं नाही. बरं झालं.

घरी कॉम्प्युटर नव्हता. गाणी भरायची तर सायबर कॅफे. तिथं संध्याकाळी माझा एक मित्र बसायचा, कॉलेज सुटल्यावर, महिन्याच्या पगारावर. गाणी त्यानं भरली. नुसती भरली नाहीत, निवडली. बाजारातल्या एमपीथ्रीच्या सीड्या आणून, ऐकून, अर्धवट तुटलेल्या फाइली टाकून देऊन, नावं नीट टाइप करून. गिऱ्हाईक नसेल तेव्हा, दोन-तीन संध्याकाळी. मी शेजारच्या स्टुलावर बसून ‘हे नको, ते घाल’ एवढंच म्हणत होतो.

मग एका शनिवारी तो म्हणाला, “दोन दिवस दे की घड्याळ. गावाला चाललोय. सोमवारी आणून देतो.” शिराळ्याच्या पुढं त्याचं गाव, एसटीनं दीडेक तास. मी म्हणालो, “मामा येणारेत रे उद्या. हातात दिसलं नाही तर विचारतील.”

मामा मस्कतला होता. आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण आदल्या आठवड्यात मामाला माझा मेल त्यानंच टाइप करून पाठवला होता. तो माझ्याकडे बघत राहिला नाही की काही नाही. “बरं,” म्हणाला आणि बॅग उचलली.

सतराव्या शतकातल्या जॉन लॉकचं एक म्हणणं आहे. निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले कष्ट मिसळतो, म्हणून ती त्याची होते. रानातली फळं गोळा केली, ती गोळा करणाऱ्याची. हा हिशोब त्या घड्याळाला लावला तर माझी चांगलीच पंचाईत होते. घड्याळ मामाच्या कष्टाचं. आतली यादी मित्राच्या कष्टाची. गाणी तर ज्यांनी रचली, गायली, वाजवली त्यांची, आणि आम्ही ती सरळ चोरलेली. माझं त्यात काय होतं? मनगट.

पण कायद्याचे अभ्यासक मालकीला हक्कांची मोळी म्हणतात. वापरण्याचा हक्क, विकण्याचा, देण्याचा. आणि त्या मोळीतली सगळ्यात जाड काठी म्हणजे दुसऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. तो मात्र माझ्याकडे पुरेपूर होता. त्या शनिवारी मी तोच वापरून पाहिला. वस्तू माझी आहे हे मला गाणी ऐकताना कधी इतकं जाणवलं नव्हतं, जितकं नाही म्हणताना जाणवलं. वाईट याचं वाटतं की त्या क्षणी ते सुखाचं होतं.

जुलै २००९मध्ये अ‍ॅमेझॉननं लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं कारण होतं. पैसे परत दिले, पुढं माफीही मागितली. बातमी वाचून मी चिडलो होतो. विकत घेतलेलं पुस्तक असं घरात हात घालून कसं नेतात? आज मी महिन्याला पैसे भरून रीतसर गाणी ऐकतो. चोरी नाही. पण त्यातलं एकही माझं नाही, पैसे थांबले की सगळं बंद. कुणी गाणं मागितलं तर लिंक पाठवतो, त्यात माझं काही कमी होत नाही. म्हणजे देण्यात कसही लागत नाही. आपण सगळे आता फार उदार झालोय असं कधी कधी वाटतं, ते यामुळेच असावं. द्यायला जवळ काही असलं असतं तर कळलं असतं.

गेल्या दिवाळीआधी घर रंगवायला काढलं तेव्हा कपाटाच्या तळाशी घड्याळ सापडलं. पट्टा चिकट झालेला, पडदा मेलेला. केबल लॅपटॉपला लावली, काही होईल अशी आशा नव्हती, पण फोल्डर उघडलं. सव्वीस फाइली. पंचवीस गाणी, त्याच्या स्पेलिंगच्या चुकांसकट. सव्विसावी नऊ सेकंदांची. घड्याळात बारीक माइकही होता, हे मी विसरलोच होतो, त्यानं तो कॅफेत तपासून पाहिला असणार. मागं पंख्याचा आवाज आहे, कीबोर्डची टकटक आहे. मग तो म्हणतो, “हॅलो, हॅलो… झालं बघ. घे.”

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. फाइल अजून पाठवलेली नाही.