आजचा दिवस

व्यसनी पालकाच्या घरातले मूल जिन्यावरच्या पावलांवरूनच संध्याकाळ कशी जाणार हे ओळखते आणि वेळेवर वह्या आवरून घेते. पदार्थ सुटल्यावर शरीराची जी तडफड होते, जिला व्यसनींच्या बोलीत टर्की म्हणतात, ती काही दिवसांत शमते. मुलाची सावधगिरी मात्र शमत नाही, कारण त्याने अनेक शपथा मोडताना पाहिलेल्या असतात.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात काय किंवा अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मद्यपींच्या स्वयंसाहाय्य गटात काय, भर आयुष्यभराच्या शपथेवर नसतो. तो असतो आजच्या दिवसावर.

आजचा दिवस व्यसनाशिवाय. आजचा दिवस, ठरल्या वेळी, शाळेच्या फाटकापाशी. मूल लगेच बिलगणार नाही, कदाचित श्वासाचा वासही घेईल, आणि ते कितीही झोंबले तरी तो त्याचा हक्क आहे. क्षमा मागणे त्या मानाने सोपे, बहुधा म्हणूनच ती वारंवार मागितली जाते. विश्वासाची मात्र न मागता वाट पाहावी लागते, आणि घसरण झालीच, तर ती न लपवता, मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगून, पुन्हा आजच्या दिवसापासून आरंभ करावा लागतो.