तुरीचं मोकळं रान

२०२१ च्या जानेवारीत, २७ तारखेपासून, पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरायला लागले. दहा महिने शाळेला कुलूप होतं. मोबाईलवर शिक्षण चालू आहे म्हणायचे. पण ज्याच्या घरात बटनाचा मोबाईल, त्याचं पोरगं सरळ शेळ्यांमागं गेलं.

शाळा उघडली, पण खेळायचं नाही. तोंडाला मास्क, एका बाकावर एक जण, शाळा सुटली की सरळ घरी. एका संध्याकाळी गुरुजी बांधावर आले.

"आबा, तुमचं तुरीचं रान मोकळं झालंय. शाळा सुटल्यावर तासभर पोरं खेळवू का हितं? पोरं गप झाल्यात ओ. बोलतच नाहीत."

मी म्हनलं, "खेळवा की. फकस्त तुरीचे खुट काढून देतो, न्हाईतर पायात घुसायचे."

दोन दिवस खपून खुट काढले. गुरुजींनी विटीदांडू काढला. दांडू ज्याचा त्याचा, म्हणजे हाताला हात लागायचा नाही. एका पोराला पाढे पार विसरले होते. तेच पोरगं दांडूनं रान मोजत दोनशेच्या पुढं गेलं, एक आकडा चुकला नाही. मी बांधावर बसून ऐकत होतो. मात्र आठ दिवसांत विटीदांडू मागं पडला आणि आट्यापाट्या सुरू झाल्या. त्यात शिवल्याशिवाय डाव कसा होणार? गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. पोरं वरडत होती, वर्षानं ऐकलेला तो आवाज बंद करायचं माझ्या जिवावर आलं.

एप्रिलात दुसरी लाट आली. त्या मोजणाऱ्या पोराचा आजा गेला. माझ्याच वयाचा, माझा दोस्त. बार्शीला नेला, तो परत आलाच नाही. दहाव्यानंतर त्याचा लेक दारात उभा राहिला, उंबऱ्याच्या आत आला नाही. "आबा, तुमच्या रानातनं आलं हे आमच्या घरात."

त्याआधी पंधरा दिवस मी आणि दोस्त एका लग्नात मांडीला मांडी लावून जेवलो होतो. कुठनं आलं, कुणाला सांगता येणार? तोंडावर आलेलं ते लग्न मी गिळलं. बापाच्या दुःखात असलेल्या माणसाशी हिशेब कशाला करायचा? पण लग्नाचं पांघरूण घेऊन रात्री मलाही झोप आली नाही.

कारण एक गोष्ट मला ठाऊक होती, ती त्याला सुचली नव्हती. माझी नातवंडं पुण्याला. खेळणाऱ्यांत माझ्या घरचं एकही पोर नव्हतं. आई असती, पंच्याऐंशीची, ओसरीवर खोकत, आणि नातू त्या रानातनं येऊन तिच्या मांडीवर बसणार असता, तर मी खुट काढून दिले असते का? पोरांचं भलं मला दिसत होतं, ते खोटं नव्हतं. पण त्याची किंमत दुसऱ्याच्या ओसरीवरची होती, आणि मी त्यांना विचारलंही नाही. गुरुजींनी तरी विचारलं, पण मला! आणि मी गावाच्या वतीनं 'हो' म्हनलं.

गुरुजींवर गावानं लई तोंड टाकलं. मी चावडीवर सांगितलं, रान माझं, 'हो' माझं. पुढं त्यांची बदली झाली. जाताना पाया पडले, तेही मला नकोसं झालं.

जूनमध्ये सोयाबीनसाठी पाळी घालताना एक विटी वर आली. बाभळीची, एका टोकाला दातानं चावलेली. कुणाची ते मी ओळखलं. तवापासनं देवळीत ठेवलीय. त्या घरी नेऊन द्यावी म्हणतो, आणि चप्पल घातली की पाय दुसरीकडंच वळतात.